महाविद्याकुसुमाचं दुसरं बारसं

३ सप्टेंबर, मंगळवार

किल्ली मिळाली! जिमखान्यामागची खोली, आत बॅडमिंटनची फाटकी जाळी, उंदरांनी कुरतडलेली दोन टेबलं आणि भिंतीवर अजून टिकून असलेली पाटी: 'महाविद्याकुसुम. विद्यार्थ्यांनी चालवलेलं ललित आणि संशोधनपर लेखनाचं नियतकालिक. स्थापना १९७४.' तेव्हापासून ते तीनदा बंद पडलंय आणि दोनदा कुणी ना कुणी त्याला उठवून बसवलंय. शेवटचा खटाटोप २०१३चा. आता तिसऱ्यांदा उठवणारी मी, आणि या वेळी ते बसणार नाही, पळणार आहे. पुरवोकेर्तोतल्या या युनिव्हर्सिटीत तेवढा दम असलेली दुसरी मुलगी मला तरी माहीत नाही.

किल्ली सुखासुखी मिळाली नाही. विद्यार्थी विभागाचे उपकुलगुरू पाक स्लामेत, म्हणजे स्लामेत सर, यांनी मला आणि जारोतला अर्धा तास उभं ठेवलं. जारोत म्हणजे माझा पानं लावणारा, चित्रं जुळवणारा, आणि नको तिथं तोंड उघडणारा सहकारी.

"अठ्ठावीस ऑक्टोबरला, युवक प्रतिज्ञेच्या दिवशी, ऐंशी पानांचा अंक माझ्या टेबलावर पाहिजे," पाक म्हणाले. "अर्धं ललित, अर्धं संशोधन. नाही आला तर खोली मोबाईल गेमवाल्यांना. त्यांनी चषक आणलाय, तुम्ही काय आणलंय?"

"उत्साह, पाक," जारोत म्हणाला.

"उत्साह!" पाक हसले. "अजून तुमच्या अंगाला कंचुराचा वास येतोय, आणि चाललेत महाविद्याकुसुम काढायला."

लहान बाळाच्या अंगाला कंचूर उगाळून चोळतात, तो वास. इतक्या सहज त्यांनी आम्हाला पाळण्यात नेऊन ठेवलं. बाहेर आल्यावर जारोतनं स्वतःची काख हुंगली आणि म्हणाला, "माझ्या तरी नाही येत. तू आंघोळ केली होतीस ना?"

हा अपमान मी लिहून ठेवतेय. अठ्ठावीस तारखेला त्याचं उत्तर देईन.

संपादक म्हणून मी नाव लावणार आहे रत्नप्रभानिंग्रुम. ते काही टोपणनाव नाही, जन्मल्यावर आजोबांनी ठेवलेलं माझं खरं नाव. चौदा महिन्यांची असताना मला ताप आला, आकडी आली, आणि घरच्यांनी ठरवलं की पोरीला नाव जड झालंय. लगेच लाल-पांढरी खीर करून नाव बदललं: वालुयाती. म्हणजे बरी झालेली. आयुष्यभर मी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असल्यासारखी वावरतेय! आता नियतकालिकही परत येईल आणि नावही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आवाहनाचं पोस्टर लिहून झालं. स्वतःचं म्हणून सांगत नाही, पण जमलंय. 'ज्ञान आणि प्रतिभेच्या महामंदिराचे द्वार पुनश्च उघडत आहे. केवळ उच्च दर्जाचे, चिरंतन मूल्य असलेले लेखन स्वीकारले जाईल. संपादक: रत्नप्रभानिंग्रुम.'

जारोत म्हणाला, "खाली 'पादत्राणे बाहेर काढावीत' एवढं राहिलं."

मी दुर्लक्ष केलं. खोलीवर आल्यावर आसिहला दाखवलं. आसिह माझी खोलीतली जोडीदारीण, औषधशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलते, त्यामुळे तिच्या मताला किंमत आहे. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "वाचताना छातीत धडधडतं गं."

नेमका तोच परिणाम मला हवा होता.

१४ सप्टेंबर, शनिवार

आठवड्यात दोन लेख आले. एकात राष्ट्रउभारणीत युवकांची भूमिका सांगितलीय आणि सातव्या पानावर दुसऱ्याच युनिव्हर्सिटीचं नाव तसंच राहिलंय. दुसरा म्हणजे कुलगुरूंवर एकेचाळीस कडवी. जारोतनं ती चालीवर म्हणून दाखवली.

मुलं आळशी आहेत, दुसरं काय. मी खचलेली वगैरे नाही. उद्यापासून वर्गावर्गात जाणार.

१९ सप्टेंबर, गुरुवार

नऊ वर्गांत बोलले. सगळ्यांना नाव फार आवडतं. "वा, महाविद्याकुसुम!" म्हणतात आणि बॅगेची चेन लावतात. प्रास्तोवो नावाचा एक उंच मुलगा मागून आला. ट्रकच्या मागे रंगवलेल्या वाक्यांवर त्यानं काहीतरी लिहिलंय म्हणे. तीनशे ट्रक बघितलेत. मी म्हटलं, "दे की." तर मला ताई म्हणत म्हणाला, "नाही हो म्बाक, ते तुमच्यासाठी नाही. ते आपलं असंच आहे." मी काही आग्रह धरला नाही. ट्रक म्हणजे अगदीच ट्रक.

संध्याकाळी आसिहनं एक चौकटीची वही पुढे केली. ती रोज सकाळी म्बोक पारियेमच्या मागे फिरत असते, म्हणजे आमच्या गल्लीत पाठीवर बाटल्यांची टोपली बांधून जामूचे काढे विकणाऱ्या बाईच्या. म्बोक गिऱ्हाइकाचं तोंड बघून काय विचारते, कुणाला कुठला काढा देते, कुणाला न देताच परत पाठवते, ते सगळं तिनं टिपलंय. चाळीस गिऱ्हाइकं, सतरा मिश्रणं, तक्ते आणि मधेमधे म्बोकची बडबड.

"हे चालेल का?" तिनं विचारलं.

मी चार पानं चाळली. "साहित्य चांगलं आहे," मी म्हटलं, "पण फार हलकं वाटतं गं. याला थोडं वजन दे. संदर्भ घाल, सिद्धांत घाल. मग बघू."

तिनं मान हलवली आणि वही मिटली. माझ्या बोलण्यानं तिला हुरूप आला असावा, कारण लगेच ग्रंथालयात गेली.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज डोकं फिरलंय.

छपाईचं विचारायला लिक न्गादिनोंकडे गेलो होतो. लिक म्हणजे काका, त्यांना सगळे लिकच म्हणतात. फाटकासमोर त्यांचं छपाईचं दुकान आहे, मागच्या दोन्ही वेळचं काम त्यांनीच केलेलं. समोर सोयाबीनचे गरम तळलेले मेंदोआन ठेवले, स्वतः एक तोंडात टाकला आणि नाव ऐकून म्हणाले, "परत तेच पोर आणलंत?"

"कुठलं पोर?"

"दोन्ही वेळा कव्हर माझ्याकडेच झालं. सोनेरी अक्षरं! अक्षरं लांबलचक, कव्हरवर मावेनात. आणि आत छापायला काय? एकदा बारा पानं, एकदा नऊ." बोटांचं तेल पुसत ते पुढे म्हणाले, "नदुक, पोरी, या पोराला नाव झेपत नाही. कितीदा उठवलंत तरी आजारीच पडणार. नाव बदला. लाल-पांढरी खीर करा, चार लोकांना वाढा, मोकळे व्हा."

"लिक, ते नियतकालिक आहे. त्याला ताप येत नाही."

"तीनदा मेलं ते काय मग, पडसं होऊन?" आणि खिडकीतून डोंगराकडे हात केला. "तो बघ. एवढा ज्वालामुखी, पण नाव स्लामेत, सुखरूप. म्हणून गप बसलाय. त्याचं नाव महाप्रलय ठेवलं असतं म्हणजे कळलं असतं."

जारोत हसून हसून खोकायला लागला. मी मेंदोआन अर्धा टाकून उठले. पन्नास वर्षांची परंपरा आहे या नावाला. जे परत आणायचं तेच फेकून दिलं तर परत काय आणलं? तेवढंही कुणाला कळत नाही.

एकूण पानं आजपर्यंत: शून्य. (एकेचाळीस कडवी मी धरत नाही.)

२ ऑक्टोबर, बुधवार

आईचा फोन. नियतकालिकाचं सगळं सांगितलं, आणि बोलता बोलता संपादकाचं नावही.

"ते नाव कशाला बाहेर काढलंस?" ती म्हणाली.

"माझं आहे म्हणून."

"दुपारची वेळ होती," आई म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "तुझे बाबा मोटारसायकल मागायला गेलेले. तू माझ्या मांडीवर. रत्नप्रभानिंग्रुम, रत्नप्रभानिंग्रुम, किती हाका मारल्या, तू डोळा उघडला नाहीस. मग आजोबाच म्हणाले, माझं चुकलं, नाव बदल. मी 'वालुयाती' म्हटलं, आणि तू बघितलंस."

"आई, तोवर औषध लागू पडलं असेल."

"असेल की. मी कुठं नाही म्हणते? नाव वाईट नव्हतं गं. पोर लहान होती."

मी विषय बदलला. तिला जेवलीस का विचारलं. फोन ठेवल्यावर उगाच चिडचिड होत राहिली, कुणावर ते कळलं नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

भयंकर घोटाळा!

नवं पोस्टर छापून जारोतनंच सकाळी सगळीकडे लावलं. मी दहाला पोचते तर कँटीनच्या भिंतीपाशी घोळका. जवळ जाऊन बघते तर माझ्या मजकुराचा पत्ताच नाही. मधोमध मातीसकट उपटलेल्या कंचुराच्या कंदाचं चित्र आणि खाली:

'कंचूर. ज्यांच्या अंगाला अजून वास येतो त्यांच्यासाठी. लिहिलेलं असेल ते आणा. अर्धं असलं तरी आणा. खोली जिमखान्यामागे.'

जारोतला कोपऱ्यात घेतलं. "ही माझी गमतीची फाइल होती," तो म्हणाला, "चुकून तीच गेली. अशी चूक कुणाकडूनही होते."

"साठ पोस्टरं लावेपर्यंत तुला दिसलं नाही?"

"मी पाठीमागून डिंक लावत होतो."

काय बोलणार! एक मात्र आहे, कंदाचं चित्र फार सुरेख आलंय. प्रत्येक मुळी, प्रत्येक गाठ जागच्या जागी. ज्याला वर्तुळ काढता येत नाही त्या जारोतच्या हातून असं काही निघावं याचं नवल वाटलं. संध्याकाळी आसिहला सांगितलं, तर तिनं हसू दाबत विचारलं, "मुळ्या बरोबर आल्यात ना?" आणि शाईनं माखलेली बोटं धुवायला गेली.

उद्या सगळी पोस्टरं काढायची.

९ ऑक्टोबर, बुधवार

पोस्टरं काढली नाहीत. दुपारपर्यंत अकरा जण आले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

तेहतीस! एकशे चाळीसहून जास्त पानं. प्रास्तोवोनं तीनशे ट्रक आणून दिले. कुठल्या गावचा ड्रायव्हर बायकोची आठवण काढतो आणि कुठला सासूची, याचा तक्ताच आहे. मी मोठ्यानं हसले आणि मग लक्षात आलं की हे खरंखुरं संशोधन आहे. नर्सिंगच्या लुलुकनं रात्रपाळीच्या नोंदवहीच्या पाठकोऱ्या पानांवर कविता लिहिल्यात. एकानं बसस्टँडवरच्या घोषणांचं व्याकरण मांडलंय. दारात उभं राहून प्रत्येकजण एकच वाक्य म्हणतो: "हे काही फार मोठं नाही हं."

मी सांगितलंच होतं, अंक निघणार. आता हे सगळं 'महाविद्याकुसुम'च्या कव्हरात घातलं की झालं. निवडलेल्यांची यादी दारावर लावली, वर मोठ्या अक्षरांत नाव.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पंधरा जणांनी लेखन परत नेलं.

प्रास्तोवो तर माफी मागत होता. "म्बाक, कंचूर म्हणालात म्हणून दिलं. त्या दुसऱ्यात माझं नाव दिसलं तर आमचे सर विचारतील, तू कोण?" लुलुक गठ्ठा उचलून गेली.

उरलेली पानं मोजली. छप्पन्न. हातात तेरा दिवस.

मी आसिहकडे गेले आणि जवळजवळ ओरडलेच, "निदान तू तरी दे! तुझा लेख झाला ना?"

"झाला," ती म्हणाली आणि दोन गठ्ठे टेबलावर ठेवले. एक ती चौकटीची वही. दुसरा टाइप केलेला, बत्तीस पानी. "तू म्हणालीस वजन दे. चार आठवडे मी त्याला वजन देत होते, वालू. आता ते उठून चालत नाही."

इतकं लांब ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

"मग वही दे."

"वही कंचूरला देईन. त्या दुसऱ्याला नाही."

१६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी दोन्ही वाचलं, आधी टाइप केलेलं. बरोबर आहे सगळं, संदर्भ आहेत, तळटिपा आहेत, आणि म्बोक पारियेम कुठंच नाही. ती तिसऱ्या पानावर 'पारंपरिक औषधविक्रेती' झालीय आणि त्यानंतर तोंड उघडत नाही.

मग वही. म्बोक एका बाईला सांगते, "तुला काढा नको, तुला झोप पाहिजे. नवऱ्याला पाठव, त्याला कडू पाजते." मी हसले आणि नंतर रडले. माझी मला लाज वाटली. इतकं चांगलं लिहिलेलं महिनाभर माझ्यापासून चार हातांवर होतं आणि मी त्याला हलकं म्हणाले.

कव्हर दोनदा झालं आणि आत काही आलं नाही. ती मुलं आळशी नव्हती. पाटी वाचून परत गेली असणार. आई म्हणाली ते खरं: नाव वाईट नव्हतं.

दारावरची यादी फाडली. जारोतला फोन केला. "कव्हरवर कंचूर टाक. तुझं ते चित्रही टाक."

"माझं?" तो म्हणाला. "हो हो. माझंच."

१९ ऑक्टोबर, शनिवार

सगळे परत आले. प्रास्तोवो येताना आणखी वीस ट्रक घेऊन आला. एकेचाळीस कडवीवाल्यानं मात्र कुलगुरू काढून त्या जागी आपली मांजर घातलीय. आता ती कविता झाली. घेतली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

लिककडे शेवटचा मजकूर दिला. अठ्ठ्याऐंशी पानं. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं. कंचूर. खाली बारीक अक्षरात: पूर्वीचे नाव महाविद्याकुसुम.

"हे पोर जगेल," लिक म्हणाले. मग बोट खाली सरकलं. "आणि हे काय? संपादक: रत्न... प्रभा... नदुक, ही कोण आता?"

"मी."

"बरं," ते म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला. त्यांनी आणखी काही बोलायला हवं होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं.

मी दुकानाबाहेर आले, फाटकापर्यंत गेले. अंकाचं नाव उतरवलं ते ठीक, ते सगळ्यांचं होतं. हे माझं आहे, एकवीस वर्षं वाट बघितलेलं. आजोबांनी किती हौसेनं ठेवलं असेल! आणि किती सहज त्यांनीच परत घेतलं. मी त्यांच्यावर कधी रागावले होते का, की नुसती आईवर? फाटकापाशी उभी राहून बराच वेळ विचार केला. मग परत गेले आणि लिकच्या हातातली पेन्सिल घेऊन संपादकाचं नाव खोडलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार पोन

(पोन, म्हणजे पाच दिवसांच्या जुन्या आठवड्यातला वार, आईसाठी लिहिलंय. जन्मवार विचारल्याशिवाय ती राहणार नाही.)

नऊ वाजता पाक स्लामेत यांच्या टेबलावर अंक ठेवला. अजून शाईचा वास येत होता.

"महाविद्याकुसुम कुठाय?"

"हेच ते, पाक. नाव बदललं. जुनं झेपत नव्हतं."

"नाव असं बदलता येत नाही. नियमात तशी तरतूद नाही. मंजुरी त्या नावाला होती." त्यांनी अंक माझ्याकडे सरकवला. जारोतचा चेहरा पडला. मी घाबरले नाही असं लिहिणार होते, पण घाबरले. तरी तोंडून निघून गेलं:

"पाक, तुमचं नाव जन्मापासून स्लामेत आहे?"

शेजारच्या टेबलावरच्या कारकून बाईंचा हात टाइप करता करता थांबला. पाकनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"दहा महिन्यांचा होईपर्यंत सूर्यनिंग्रात होतो," ते म्हणाले. "हगवण लागली होती."

कुणीच हसलं नाही. जारोतसुद्धा. पाकनी अंक परत ओढून घेतला, उघडला. ट्रकवर थांबले, पुढे म्बोक पारियेमवर बराच वेळ थांबले. "'नवऱ्याला पाठव,'" त्यांनी पुटपुटत वाचलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"हे कंचूर कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"तुमच्याच, पाक. तीन सप्टेंबरला."

त्यांनी सही केली. शिक्का मारताना म्हणाले, "आत कुठंतरी 'पूर्वीचे नाव' म्हणून छापा. माझ्या शाळेच्या दाखल्यावर तसंच आहे."

"छापलंय, पाक."

जिमखान्यामागच्या खोलीवर आलो तर सगळे जमलेले. लिक, आसिह, लुलुक, प्रास्तोवो, बाटल्यांची टोपली खाली ठेवून बसलेली म्बोक पारियेमसुद्धा. आसिह तिला तिचंच बोलणं वाचून दाखवत होती आणि म्बोक म्हणत होती, "मी असं बोलते? किती आगाऊ बाई आहे ही!" कव्हरमागे मी 'चित्र: जारोत' असं घातलं होतं. त्या नालायकानं छापायला देताना ते बदलून 'चित्र: चुकून गेलेली फाइल' केलंय. याचा जाब नंतर विचारेन.

आई पहाटेच्या बसनं निघाली होती. तिच्या आधी तिचे डबे आत आले, एकात गुळाची लाल खीर, एकात नारळाच्या दुधाची पांढरी. लिकनी डोळे मिटले आणि म्हणाले, "महाविद्याकुसुम नावाच्या या पोराला आजपासून सगळ्यांनी कंचूर म्हणायचं. अंगानं हलकं राहो, खात-पीत राहो, वर्षातून दोनदा निघो." सगळे आमीन म्हणाले.

मी पाठमोरी उभी राहून वाट्या भरत होते. आईनं मागे अंक उघडलेला मला ऐकू आला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि मग पानांचा आवाज थांबला. संपादकाच्या नावाशीच थांबला असणार. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले.

"वालुयाती," आईनं हाक मारली.

मी बघितलं.